मोठ्या कंपनीचा पैसा स्टार्टअपमध्ये येतो, तेव्हा नक्की काय येतं?

‘अमक्या स्टार्टअपमध्ये गूगलने पैसे घातले’ अशी बातमी आली की आपल्याला वाटतं, चला, यांचं भलं झालं. आज बघूया, अशा पैशासोबत आणखी काय काय येतं.

आधी एक फरक समजून घेऊ. साधा व्हेंचर कॅपिटल फंड पैसे घालतो, कारण काही वर्षांनी त्याला आपला हिस्सा जास्त भावाने विकायचा असतो. सरळ हिशेब. मोठ्या टेक कंपनीलाही नफा हवाच असतो, पण सोबत अजून काहीतरी हवं असतं. आपल्या सेवेला एक पक्का ग्राहक, नवं तंत्रज्ञान, किंवा उद्याचा बाजार कुठे चाललाय याची आधीच लागणारी कुणकुण. यालाच स्ट्रॅटेजिक गुंतवणूक म्हणतात.

आता उबरची गोष्ट ऐका. ऑगस्ट २०१३ मध्ये गूगलच्या व्हेंचर विभागाने उबरमध्ये २५.८ कोटी डॉलर घातले. गूगलचे बडे अधिकारी डेव्हिड ड्रमंड उबरच्या बोर्डवर बसले. उबरच्या ॲपमध्ये नकाशा कोणाचा? गूगलचाच! आणि तो काही फुकट नव्हता. २०१६ ते २०१८ या तीन वर्षांत उबरने नकाशासाठी गूगलला ५.८ कोटी डॉलर दिले. शेअर बाजारात येताना उबरनेच हे कागदावर दिलंय.

पण दोघांनाही विनाचालक गाडी बनवायची होती. मग बोर्डवर बसलेला माणूस मित्र की प्रतिस्पर्धी? २०१६ मध्ये ड्रमंड बोर्डवरून बाहेर पडले. फेब्रुवारी २०१७ मध्ये गूगलच्याच घरातल्या वेमो कंपनीने उबरवर खटला भरला; आरोप होता तंत्रज्ञानाची गुपितं चोरल्याचा. वर्षभराने तडजोड झाली, आणि उबरने वेमोला साधारण २४.५ कोटी डॉलर किमतीचे शेअर दिले. म्हणजे बघा, ज्याने पैसे घातले त्यानेच कोर्टात खेचलं, आणि भांडण मिटलं तेव्हा त्याच्या घरातला हिस्सा आणखी वाढला.

दुसरं उदाहरण मायक्रोसॉफ्ट आणि ओपनएआयचं. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने १ अब्ज डॉलरची गुंतवणूक जाहीर केली. सोबत ठरलं की ओपनएआय आपलं काम मायक्रोसॉफ्टच्याच अझूर क्लाउडवर चालवणार. आपल्या भाषेत सांगायचं तर, सासऱ्याने जावयाला दुकान टाकायला पैसे दिले, पण माल भरायचा तो सासऱ्याच्याच गोदामातून! दिलेल्या पैशातला काही भाग क्लाउडचं बिल बनून परत येतो, आणि ती विक्री म्हणूनही दिसते.

यात ओपनएआयचं नुकसानच झालं का? तसं नाही. एवढी मोठी कॉम्प्युटिंगची ताकद छोट्या कंपनीला एकटीच्या जोरावर मिळणं जवळपास अशक्य होतं. प्रश्न एवढाच की उद्या गोदाम बदलायचं झालं तर बदलता येतं का? अशा व्यवहारांमुळे स्पर्धेवर काय परिणाम होतो हे तपासायला अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्ट, ॲमेझॉन, अल्फाबेट, ओपनएआय आणि अँथ्रॉपिक या पाच कंपन्यांकडून माहिती मागवली होती.

आता आपल्याकडे या. बंगळुरूचं डंझो आठवतंय? डिसेंबर २०१७ मध्ये गूगलने त्यात पैसे घातले. जानेवारी २०२२ मध्ये रिलायन्स रिटेलने २० कोटी डॉलर घालून २५.८ टक्के हिस्सा घेतला. एवढी दोन मोठी नावं पाठीशी! तरीही २०२३ मध्ये कर्मचाऱ्यांचे पगार रखडले आणि जानेवारी २०२५ मध्ये ॲप बंद पडलं. कारण मोठ्या कंपनीसाठी ही अनेक डावांपैकी एक चाल असते. तिथे काम करणाऱ्यासाठी मात्र तो महिन्याचा पगार असतो.

म्हणून तुमच्यापैकी कोणी स्टार्टअप काढत असेल, किंवा शेअर मिळणार म्हणून कमी पगारावर जॉईन होत असेल, तर हे चार प्रश्न विचाराच.

एक, गुंतवणूकदार स्वतः हेच प्रॉडक्ट बनवतोय का, किंवा उद्या बनवू शकतो का?

दोन, बोर्डवर त्याचा माणूस आहे का, आणि त्याला कोणती माहिती दिसते?

तीन, त्याचंच क्लाउड, त्याचाच नकाशा, त्याचंच पेमेंट वापरायची अट आहे का?

चार, उद्या कंपनी दुसऱ्याला विकायची झाली तर आधी याला विचारावं लागेल का?

चारही उत्तरं गैरसोयीची निघाली तरी पैसे घेऊच नयेत असं मी म्हणत नाही. कधीकधी तोच पैसा कंपनी तारतो. फक्त सही करण्याआधी त्याची किंमत माहीत असावी, इतकंच.

तुम्ही अशा एखाद्या कंपनीत काम करत असाल तर तुमचा अनुभव आम्हाला नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा!