सतरा वर्षांनी आलेला अल्बम : इंडस क्रीड आणि ‘इव्हॉल्व्ह’

कन्हानहून बोलतोय, त्यामुळे मधेच कोळशाच्या ट्रकचा हॉर्न ऐकू आला तर समजून घ्या. रात्रीचे साडेअकरा वाजले तरी आमच्याकडे हायवे झोपत नाही.

आजचा भाग इंग्रजी रॉकवर आहे. "आपल्याला काय करायचंय त्याचं" म्हणून बंद करायला हात गेला असेल तर दहा मिनिटं थांबा. बँड मुंबईचा आहे, गिटारवाल्याचं आडनाव टिनईकर आहे, आणि मुद्दा आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या ऑर्केस्ट्राला लागू पडेल असा आहे. त्याच्याकडे येतोच.

तर इंडस क्रीड. नव्या पोरांना हे नाव माहीत नसतं आणि पंचेचाळिशीच्या पुढचे लोक त्यांना जुन्या नावानं ओळखतात, रॉक मशीन. १९८४ मध्ये मुंबईत सुरू झालेला बँड. महेश टिनईकर गिटारवर, दुसरी गिटार जयेश गांधीची, बासवर मार्क सेल्विन. गायक उदय बेनेगल आणि कीबोर्डवाला झुबिन बालापोरिया थोडे नंतर आले. त्या काळात आपल्याकडे इंग्रजी बँड म्हणजे परदेशी गाणी हुबेहूब वाजवणारी मंडळी. जो सगळ्यात जास्त ओरिजिनलसारखा वाजवेल तो मोठा. यांनीही सुरुवात तशीच केली, पण १९८८ मध्ये स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला, ‘रॉक अँड रोल रेनिगेड’. १९९० मध्ये दुसरा, ‘द सेकंड कमिंग’. धोबी तलावच्या रंगभवनात, १९८६ पासून सुरू झालेल्या इंडिपेंडन्स रॉकमध्ये, लोक यांना बघायला गर्दी करायचे. १९९३ मध्ये नाव बदललं, रॉक मशीनचं इंडस क्रीड झालं. ‘प्रिटी चाइल्ड’च्या व्हिडिओला एमटीव्हीचं बक्षीस मिळालं. १९९५ मध्ये नव्या नावाचा अल्बम आला, आणि १९९७ मध्ये बँड फुटला.

मी जन्मलो त्याच सुमाराला. म्हणजे माझ्यासाठी हा बँड सुरुवातीपासून ‘संपलेला’ बँड होता.

का फुटला, यावर फार बोलण्यासारखं नाही. तेव्हा केबल घरोघरी आली होती, इंडीपॉप जोरात होतं, कंपन्यांना हिंदी गाणारे चेहरे हवे होते. भारतात राहून इंग्रजी रॉक वाजवून पोट भरणं तेव्हाही अवघड होतं, आताही आहे. बेनेगल आणि जयेश गांधी न्यूयॉर्कला गेले, तिथे ‘आम्स फॉर शांती’ नावाचा वेगळा बँड केला, त्यात भारतीय सूर जास्त होते. बाकीचे आपापल्या वाटेनं.

मग २०१० मध्ये हे पुन्हा एकत्र आले आणि २०१२ मध्ये अल्बम आला, ‘इव्हॉल्व्ह’. आठ गाणी. मधे सतरा वर्षं.

आता इथे थोडं रेंगाळू या, कारण खरी गंमत इथे आहे.

जुना बँड परत येतो तेव्हा त्याच्यासमोर दोन सोप्या वाटा असतात. एक म्हणजे जुनी हिट गाणी पुन्हा रेकॉर्ड करायची, वर दोन नवी टाकायची, आणि दौरा काढायचा. दुसरी म्हणजे नवी गाणी करायची, पण अशी की १९९० मध्ये केली असती तरी चाललं असतं. दुसऱ्या वाटेचं मोठं उदाहरण ब्लॅक सबाथचं. २०१३ मध्ये त्यांचा ‘थर्टीन’ आला, ऑझी ऑस्बोर्नसकट. निर्माता रिक रुबिन, आणि त्याचा सगळा भर तुमचा सत्तरचा आवाज परत आणा यावर. तो अल्बम चांगला आहे, मला आवडतो, पण ऐकताना सारखं वाटतं की जुन्या घराची हुबेहूब प्रतिकृती बांधलीय आणि भिंतीला हात लावला तर रंग ओला आहे.

इंडस क्रीडनं यातलं काहीच केलं नाही. ‘इव्हॉल्व्ह’वर ‘प्रिटी चाइल्ड’ नाही, ‘टॉप ऑफ द रॉक’ नाही. आणि जी नवी गाणी आहेत, ‘फायरफ्लाइज’, ‘टेक इट हार्डर’, ‘द मनी’ वगैरे, ती रॉक मशीनच्या चाहत्याला पहिल्या फटक्यात ओळखीची वाटणार नाहीत.

काय बदललं ते सांगतो. ऐंशीच्या दशकातलं कुठलंही रॉक ऐका. स्नेअर ड्रमवर काठी पडली की मोठ्या हॉलमध्ये घुमल्यासारखा आवाज येतो आणि दार आपटल्यासारखा झटकन तुटतो. फिल कॉलिन्सच्या १९८१ च्या गाण्यानंतर सगळ्या जगानं ती युक्ती उचलली. वर सिंथेसायझरचे चकचकीत थर. गिटारचा सोलो ठरलेल्या जागी. कोरस असा की दुसऱ्यांदा आला की पब्लिकनं गायलाच पाहिजे. तो काळच तसा होता, त्यात वाईट काही नाही.

‘इव्हॉल्व्ह’मध्ये ड्रम कोरडे आणि जवळ आहेत, खोलीत समोर बसून वाजवल्यासारखे. बास नुसता गिटारच्या मागे चालत नाही, स्वतःची वाट काढतो. गाणी लांब आहेत, मधेच वळणं घेतात, कोरसची घाई नाही. कीबोर्ड मागे सरकलाय, पण काढला तर गाणं पडेल अशा ठिकाणी उभा आहे. नव्वदनंतर जगात जे रॉक झालं, अल्टरनेटिव्ह म्हणा, प्रोग्रेसिव्ह म्हणा, ते या माणसांनी मधल्या वर्षांत नीट ऐकलंय हे कळतं.

मिक्सिंग टिम पामरचं आहे. पर्ल जॅमचा ‘टेन’ आणि पोर्क्युपाइन ट्रीचा ‘इन अ‍ॅब्सेन्शिया’ या अल्बमांचं मिक्सिंग त्याचंच. मिक्सिंग म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : प्रत्येक वाद्य वेगळं रेकॉर्ड होतं आणि मग कुणीतरी ठरवतो की कोण पुढे, कोण मागे, कोण डावीकडे, कुणाला किती हवा. त्याच गाण्याचा सूर तोच राहून वय बदलू शकतं. १९९१ चा ‘टेन’ आणि २००२ चा ‘इन अ‍ॅब्सेन्शिया’ एकाच माणसाच्या हातून गेलेत म्हटल्यावर त्याला निवडण्यातच बँडला कुठे जायचं होतं ते दिसतं.

पण माझ्या मते खरा बदल मिक्सिंगच्या आधीचा आहे. बेनेगल, टिनईकर, बालापोरिया हे तिघं जुने. बास आणि ड्रमवर मात्र रुशाद मिस्त्री आणि जय राव कवी, दोघंही पुढच्या पिढीचे. बँडचा वरचा मजला तोच ठेवला आणि पाया बदलला. घर बांधणारा माणूस याला वेडेपणा म्हणेल. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र हे रोजचं काम आहे : समोरचं बटण तेच दिसतं आणि खालचं सगळं नव्यानं लिहिलेलं असतं. फरक इतकाच, की आमच्याकडे वापरणाऱ्याला काही कळू नये हे यश असतं. इथे ते कळलंच पाहिजे. तालवाला बदलला की गाणाऱ्याला श्वास वेगळ्या ठिकाणी घ्यावा लागतो. गिटारवाल्याची वीस वर्षांची सवय मोडते. चाळिशी ओलांडलेल्या माणसानं स्वतःहून हे अंगावर घेणं मला मोठं वाटतं.

आता हे मला इतकं का लागलं, ते सांगतो.

माझे मोठे काका वेकोलित होते, आता रिटायर झालेत. नव्वदच्या दशकात त्यांचा आणि मित्रांचा ऑर्केस्ट्रा होता. कामठी, रामटेक, मनसर, पारशिवनी, गणपती आणि दुर्गा उत्सवात हे लोक रात्र रात्र वाजवायचे. काका कॅसिओवर, एक जण बास गिटारवर, एक काँगोवर, आणि ऑक्टोपॅडवर त्यांचा एक जिगरी दोस्त. पुढे कराओके ट्रॅक आले, डीजे आला, मंडळांना पाच माणसांचं मानधन जड व्हायला लागलं. ऑर्केस्ट्रा बंद झाला. भांडण नाही, निरोप समारंभ नाही, पुढच्या वर्षी कुणी बोलावलंच नाही.

गेल्या दिवाळीत या मंडळींच्या डोक्यात पुन्हा आलं, यंदा दुर्गा उत्सवात एक प्रोग्राम करू. ऑक्टोपॅडवाले काका मात्र राहिले नाहीत, २०२१ मध्ये गेले. मग प्रश्न आला की ताल कुणी द्यायचा. "तू कॉम्प्युटरवाला हायेस, लॅपटॉपमधून ट्रॅक काढून दे," असं काकांनी मला सांगितलं. ते दहा मिनिटांचं काम आहे. जुन्या कॅसेटीवरून त्यांच्या दोस्ताचेच ठेके कापून, साफ करून, लूप करूनही देता येतात. म्हणजे तो माणूस स्टेजवर नसतानाही तोच वाजवतोय असं होईल. ही कल्पना ऐकून बाकीचे दोघं भारावले. काका गप्प बसले.

मी त्यांना ‘इव्हॉल्व्ह’ ऐकवला. त्यांना इंग्रजी रॉकचं काही पडलेलं नाही, बँडचा इतिहासही मी सांगितला नव्हता. दोन गाणी झाल्यावर ते म्हणाले, "हा ड्रम वाजवनारा पोट्टा जवान हाये न बे? गानारा मोठा हाये, अन्‌ वाजवनारा जवान." मी विचारलं, कसं कळलं? म्हणाले, "गानाऱ्याले थांबाचं रायते, तो थांबू देत नाही."

अल्बमवर इतकं नेमकं वाक्य मी वाचलेलं नाही. बेनेगलचा आवाज २०१२ मध्ये थोडा जाड झालाय, तो शब्दावर रेंगाळतो, आणि खालून राव कवी त्याला पुढे ढकलत राहतो. या ओढाताणीत अल्बमचा जीव आहे.

लूपची कल्पना तिथेच बारगळली. तारसा रोडकडचा बावीस वर्षांचा एक पोरगा आता त्यांच्याबरोबर बसतो. पहिल्याच रविवारी तो म्हणाला, "काका, तुमची गाणी लय हळू हायेत." त्यावर अर्धा तास वाद. काँगोवाले काका अजून नाराज आहेत, त्यांचं म्हणणं असं की लोक जुनं ऐकायला येतील, नवं ऐकायचं असेल तर घरी मोबाईल आहेच. आणि त्यांचं चूक आहे असं मला म्हणता येत नाही.

कारण ‘इव्हॉल्व्ह’चाही हाच त्रास आहे. ज्यांनी रंगभवनात घसा फोडला, त्यांना सतरा वर्षांनी आपल्या तरुणपणाचा तुकडा परत हवा होता. हातात काय मिळालं, तर लांब, गंभीर, दुसऱ्या-तिसऱ्यांदा ऐकल्यावर उलगडणारी गाणी. आणि ज्या पोरांना असलं रॉक आवडतं त्यांच्याकडे २०१२ मध्ये जगभरचे बँड एका क्लिकवर होते. ते मुंबईच्या जुन्या बँडकडे का वळतील? दोन्ही पब्लिकच्या मधे पडण्याचा धोका यांनी डोळे उघडे ठेवून घेतला. रंगभवनही तोवर शांतता क्षेत्राच्या नियमात अडकून रॉकसाठी बंद झालं होतं. जुने लोक जिथे जमायचे ती जागाच उरली नव्हती.

माझी एक तक्रार आहे. अल्बम फारच गुळगुळीत आहे. प्रत्येक कोपरा घासून काढलाय. कधी कधी वाटतं, एखादी गिटार जरा बेसूर झाली असती, मुंबईच्या एखाद्या खोलीचा वास आला असता, तर बरं झालं असतं. हा आवाज ऑस्टिनचाही असू शकतो, लंडनचाही. भाषा इंग्रजी आहे म्हणून मी हे म्हणत नाहीये. त्यांची शाळा-कॉलेज, घर, मित्र सगळं त्या भाषेत, त्यांनी दुसऱ्या कुठल्या भाषेत गावं? आमच्या काकांचा ऑर्केस्ट्रा तरी कुठे नागपुरीत गात होता, तोही मुंबईचंच हिंदी गात होता.

तरी, परत आलेल्या बँडांच्या अल्बमांत मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलेला हाच आहे. बीटेकला असताना एका सीनियरच्या हार्ड डिस्कवर मिळाला होता, तेव्हा हा कुणाचा, किती वर्षांनी आलाय, काही माहीत नव्हतं. नवा बँड समजून ऐकला. नंतर रॉक मशीनची गाणी शोधून ऐकली आणि दोन्ही एकाच माणसांची आहेत यावर विश्वास बसेना. तुम्हीही उलट क्रमानं ऐकून बघा, आधी ‘इव्हॉल्व्ह’, मग १९९५ चा, मग १९८८ चा. हेडफोन लावा, मोबाईलच्या स्पीकरवर बास ऐकूच येत नाही आणि मग मी इतका वेळ काय बडबडलो ते कळणार नाही.

काकांच्या प्रोग्रामचं रेकॉर्डिंग करायचं ठरलंय. मिक्सिंग मलाच करायचंय, आणि काँगो किती पुढे ठेवायचा यावरून आत्तापासून दोन फोन येऊन गेलेत. जमलं तर त्यातला एक तुकडा इथे ऐकवीन. चला, रात्र झाली, भेटू.