आत किती गेले, बाहेर किती आले?

(दिल्लीतील मराठीभाषक सभासदांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

विज्ञानातील अलीकडच्या संशोधनावर बोलण्याची कामगिरी आपण माझ्यावर सोपवलीत, तेव्हा प्रथम मला संकोच वाटला. मी कलाशाखेची पदवीधर आहे आणि प्रयोगशाळेशी माझा संबंध शालेय शिक्षणाबरोबरच संपला. गेली काही वर्षे मी अनुवादाचे काम करते आहे आणि इंग्रजीत आलेले वैज्ञानिक वृत्तान्त मराठीत आणणे हा त्या कामाचा एक भाग आहे. शास्त्रज्ञाच्या टेबलावरून निघालेली गोष्ट वाचकापर्यंत पोचण्यापूर्वी अनेक हातांतून जाते, त्यांतला एक हात माझा. त्या हाताकडून एकदा चूक झाली आणि ती एका कामगार वाचकाने दुरुस्त केली. आजच्या विवेचनाची सुरुवात मी तेथूनच करते, कारण पुढे मला जे सांगायचे आहे त्याचे मूळ त्या दुरुस्तीत आहे.

एक पोस्टकार्ड

डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातून बातमी आली. लॉरेन्स लिव्हरमोर राष्ट्रीय प्रयोगशाळेत ५ डिसेंबर रोजी १९२ लेसर किरणशलाका एका सूक्ष्म गोळीच्या दिशेने सोडण्यात आल्या. त्या गोळीत ड्युटेरियम आणि ट्रिटियम हे हायड्रोजनचे दोन जड प्रकार भरलेले होते. त्यांच्या अणुकेंद्रांचा संयोग झाला, म्हणजे सूर्याच्या गाभ्यात जी प्रक्रिया अखंड चालू असते त्याच जातीची प्रक्रिया क्षणभर प्रयोगशाळेत घडली. लेसरने गोळीपर्यंत पोचवलेली ऊर्जा २.०५ मेगाज्यूल होती, तर संयोगातून बाहेर पडलेली ३.१५ मेगाज्यूल. मी उत्साहाच्या भरात मथळा दिला : ‘अमर्याद ऊर्जेचे दार उघडले’.

पंधरा दिवसांनी भिलाईहून एक पोस्टकार्ड आले. पोलाद कारखान्याच्या वीजगृहातून निवृत्त झालेल्या एका साथीने वळणदार अक्षरात लिहिले होते : ‘कॉम्रेड, लेख वाचला. लेसर चालवण्यासाठी मीटरमधून किती वीज गेली, ते दिलेले नाही. आत किती गेले आणि बाहेर किती आले, हे आम्ही प्रत्येक पाळीच्या शेवटी वहीत लिहीत असू. तेवढे कळवावे.’

मी शोध घेतला. आकडा लपवलेला नव्हता, मीच तो वाचला नव्हता. तेवढे लेसर चालवण्यासाठी विद्युत्जालातून सुमारे ३०० मेगाज्यूल ऊर्जा घ्यावी लागली होती. घरच्या विजेच्या बिलाच्या भाषेत सांगायचे तर सुमारे ८३ युनिट आत गेले आणि एक युनिटही पुरते बाहेर आले नाही.

याचा अर्थ प्रयोग फोल ठरला असा मात्र नाही. गोळीवर पडलेल्या ऊर्जेपेक्षा संयोगातून मिळालेली ऊर्जा अधिक, हे प्रयोगशाळेत प्रथमच घडले. कित्येक दशके जे समीकरणांत होते ते प्रत्यक्षात दिसले. पुढच्या प्रयोगांत उत्पादन वाढतही गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते ५.२ मेगाज्यूलपर्यंत पोचले. परंतु वीज निर्माण करायची तर असे संयोग दर सेकंदाला अनेक वेळा, अखंड घडवावे लागतील, आणि येथे एकेका प्रयोगाच्या तयारीतच बराच काळ जातो. शिवाय ही यंत्रणा मुख्यतः उभारली गेली ती प्रत्यक्ष चाचणीस्फोट न करता अण्वस्त्रांचा साठा तपासत राहण्यासाठी, हेही विसरता कामा नये. दार उघडलेले नव्हते. दार आहे आणि ते भिंतीवर रंगवलेले चित्र नाही, एवढे सिद्ध झाले होते. मथळा तेवढाच असायला हवा होता.

त्या पोस्टकार्डापासून मी कोणताही वैज्ञानिक वृत्तान्त हाती घेताना तीन प्रश्न विचारते. नेमके काय मोजले? ते कशाशी ताडून पाहिले? आणि जे हाती आले ते कोणापर्यंत पोचले? हे प्रश्न विचारायला विज्ञानाची पदवी लागत नाही. पाळीचा हिशेब ठेवणारा कामगार, मजुरीचे दिवस मोजणारी शेतमजूर स्त्री, रेशनच्या दुकानातील काट्यावर नजर ठेवणारी गृहिणी यांना ते उपजतच ठाऊक असतात. हेच प्रश्न आता आपण आपल्या अधिक जिव्हाळ्याच्या दोन विषयांना लावून पाहू.

क्षयरोग : गोळी आणि घास

रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधल्याचे २४ मार्च १८८२ रोजी जाहीर केले. त्याला १४० वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश आजही आपल्या देशात आहेत. या रोगाविषयी अलीकडे दोन महत्त्वाची संशोधने झाली. एक औषधाचे, दुसरे अन्नाचे.

नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावर पूर्वी दीड-दोन वर्षे उपचार चालत. त्यांतील काही इंजेक्शनांनी रुग्णाची श्रवणशक्ती कायमची जाई. बेलारूस, दक्षिण आफ्रिका आणि उझबेकिस्तान येथे झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष डिसेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन ही चार औषधे, सर्व तोंडाने घेण्याची, मुदत अवघी सहा महिने. या उपचारात शंभरांपैकी ८९ रुग्णांना यश आले, जुन्या उपचारात ५२ जणांना. येथे आपला पहिला प्रश्न विचारू : यश म्हणून काय मोजले? जुन्या पद्धतीत अपयशी गणलेल्यांमध्ये औषधे सोसवेनात म्हणून उपचार सोडावे लागलेले रुग्ण पुष्कळ होते. म्हणजे नव्या पद्धतीचा विजय हा जंतूवरचा आहे, तितकाच तो उपचाराच्या यातनांवरचाही आहे. जागतिक आरोग्य संघटनेने त्याच महिन्यात ही पद्धती स्वीकारण्याची शिफारस केली. भारत सरकारने तिला सप्टेंबर २०२४ मध्ये मान्यता दिली.

आता तिसरा प्रश्न. यांतील बेडाक्विलिनवर एका बहुराष्ट्रीय कंपनीचे पेटंट होते. ते २०२३ साली संपत असताना औषधाच्या क्षाररूपासाठी नवे पेटंट मागून मक्तेदारी आणखी चार वर्षे लांबवण्याचा प्रयत्न झाला. त्याविरुद्ध भारतात हरकत नोंदवली ती मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले या दोघींनी. दोघीही क्षयातून बऱ्या झालेल्या आणि दोघींचीही श्रवणशक्ती त्या उपचारातच गेलेली. मार्च २०२३ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला आणि इतर उत्पादकांना वाट मोकळी झाली. शोध प्रयोगशाळेत लागला खरा, पण तो रुग्णापर्यंत यावा म्हणून एक लढाई कागदावरही लढावी लागली.

दुसरे संशोधन आपल्याच देशातले, झारखंडच्या चार जिल्ह्यांतले आहे. डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, म्हणजे जनतेच्याच, पैशातून ते केले आणि त्याचे निष्कर्ष ऑगस्ट २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. या अभ्यासात २,८०० क्षयरुग्ण आणि त्यांच्या घरांतील १०,३४५ माणसे होती. रुग्णांपैकी पाचांतील चारांहून अधिक जणांचे वजन उंचीच्या मानाने कमी होते, आणि जवळजवळ निम्म्यांचे तर धोक्याच्या पातळीखाली.

यातील तुलनेची रचना समजावून घेण्याजोगी आहे. क्षयनियंत्रणाच्या २८ विभागांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत वाटणी केली. रुग्णाला पोषक अन्न दोन्ही गटांत दिले. फरक एवढाच की एका गटात रुग्णाच्या घरच्यांनाही दरमहा माणशी पाच किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या देण्यात आल्या. दोन वर्षांच्या देखरेखीनंतर असे दिसले की ज्या घरांत हे धान्य गेले तेथे क्षयाचे नवे रुग्ण ३९ टक्क्यांनी कमी निघाले आणि फुप्फुसाच्या संसर्गजन्य क्षयाचे ४८ टक्क्यांनी. ना नवी लस, ना नवे रसायन. तांदूळ आणि डाळ!

याच अभ्यासाचा आणखी एक निष्कर्ष आहे : पहिल्या दोन महिन्यांत ज्या रुग्णांचे वजन पाच टक्के वाढले, त्यांच्या मृत्यूची जोखीम ६१ टक्क्यांनी कमी होती. हा आकडा मोठा आहे, परंतु तो पहिल्या आकड्याच्या पंक्तीला बसवता येणार नाही. येथे चिठ्ठ्या टाकून तुलना झालेली नाही. ज्याचा रोग मुळातच सौम्य त्याचे वजन लवकर वाढते, असेही असू शकते. आपल्या बाजूचा आकडा दिसला की तो तपासून न घेण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. नाहीतर माझ्या त्या मथळ्याची पुनरावृत्ती होईल.

गरिबी आणि क्षय यांचे नाते आपल्या चळवळीला नवे नाही. गिरण्यांच्या चाळींत राहिलेल्या पिढीने ते घराघरांत पाहिले. मग या संशोधनाने काय दिले? त्याने त्या नात्याला माप दिले. पूर्वी आपण म्हणत असू की उपासमारीने रोग बळावतो. आज म्हणता येते की किती धान्य, किती काळ दिले तर किती रोग टळतो. पहिल्या विधानावर अधिकारी सहानुभूतीने मान डोलावू शकत होता, दुसऱ्यावर त्याला अंदाजपत्रकात उत्तर द्यावे लागते.

ते उत्तर काय मिळाले? क्षयरुग्णाला पोषणासाठी २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळत होते, ते नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. हे पाऊल स्वागतार्ह आहे. परंतु झारखंडच्या अभ्यासाचा गाभा रुग्णाच्या घरच्या माणसांविषयी होता. त्यांच्यासाठीच्या धान्याची सोय ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झाली ती ऐच्छिक दात्यांच्या उपक्रमातून. दाता आज असतो, उद्या नसतो. जे मोजून सिद्ध झाले ते हक्क म्हणून मिळावे की कोणाच्या औदार्यावर सोडावे, हा प्रश्न शास्त्रज्ञांनी सोडवायचा नाही. तो आपल्यासारख्यांनी धसास लावायचा आहे.

उष्मा : शरीराची मर्यादा

तिसरा विषय निसर्गविज्ञानातला, पण दिल्लीत राहणाऱ्या आपल्याला तो कातडीनेच कळतो. मे महिन्यात कूलर खोली थंड करतो आणि जुलैत तोच कूलर निरुपयोगी ठरतो. कारण हवा कोरडी असते तोवर पाण्याची वाफ होते आणि वाफ होताना उष्णता शोषली जाते; हवा दमट झाली की हे थांबते. मानवी शरीर घामाच्या द्वारे नेमके हेच करते. म्हणून शास्त्रज्ञ साध्या तापमानाबरोबर, तापमापीच्या टोकाला ओले फडके गुंडाळून मिळणारे तापमानही पाहतात. त्याला आर्द्र-कंद तापमान म्हणतात.

हे तापमान ३५ अंश सेल्सियसवर गेले आणि तसेच काही तास राहिले तर निरोगी माणूसही, सावलीत स्वस्थ बसूनसुद्धा, तग धरू शकणार नाही, असे गणित २०१० साली मांडले गेले. ते कागदावरचे होते. पुढे अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात ते माणसांवर पडताळले गेले. निरोगी तरुण-तरुणींनी तापमान कळवणारी एक छोटी गोळी गिळली आणि बंद खोलीत अगदी हलकी हालचाल करत राहिले. खोलीतील उष्मा व दमटपणा टप्प्याटप्प्याने वाढवला. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की दमट हवेत शरीराचा ताबा सुमारे ३१ अंश आर्द्र-कंद तापमानालाच सुटू लागतो. मर्यादा ३५ नव्हे, चार अंश खाली!

पुन्हा आपले प्रश्न. मोजले कोणाला? दोन डझन तरुणांना, ज्यांच्या डोक्यावर विटांची पाटी नव्हती. उन्हात राबणाऱ्यांचे शरीर काही अंशी उन्हाला सरावते, हे खरे; पण त्यांचे श्रम अनेक पट जड असतात, आणि त्यांत वय झालेले, अर्धपोटी, आजारी असे सर्व असतात. म्हणून हा आकडा मजूर-अड्ड्यावरच्या माणसाला जसाच्या तसा लावता येत नाही. त्याचे मोजमाप त्याच्याच कामाच्या जागी झाले पाहिजे.

तसे काम चेन्नईच्या श्री रामचंद्र संस्थेत डॉ. विद्या वेणुगोपाल आणि त्यांचे सहकारी करीत आहेत. त्यांनी तमिळनाडूच्या मिठागरांतील कामगारांवरील उष्म्याचा ताण आणि त्यांच्या मूत्रपिंडांचे आरोग्य यांचा अभ्यास केला. २०१७ साली सुरू झालेल्या दुसऱ्या एका पाहणीत ८०० गरोदर स्त्रिया होत्या. त्यांतील जवळजवळ निम्म्या शेतात, वीटभट्टीवर, मिठागरात अशा तीव्र उष्म्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या, तर उरलेल्या तुलनेने थंड जागी. उष्म्यात राबणाऱ्या स्त्रियांमध्ये गर्भपाताचा वा मृत बालक जन्मण्याचा धोका सुमारे दुप्पट आढळला.

या वाक्याचा अनुवाद करताना मी बराच वेळ थांबले होते. शब्द सगळे सोपे होते. अशी बाई घरी परतल्यावर तिला सांगितले जाते की तुझ्या नशिबातच नव्हते, किंवा तूच जपले नाहीस. इतक्या पिढ्या तो दोष तिने स्वतःच्या पदरात घेतला. आता कोणीतरी मोजून दाखवले आहे की दोष कामाच्या जागेतही होता. तेथे सावली नव्हती, पिण्याचे पाणी नव्हते, लघवीला जायला आडोसा नव्हता म्हणून ती पाणी पिणेच टाळत होती.

समारोप

कॉम्रेड्स, मी तीनच उदाहरणे घेतली. पहिल्यात एक प्रयोग खरोखर मोठा होता, पण त्याच्या बातमीने त्याला फुगवले. दुसऱ्यात एक साधी वाटणारी गोष्ट मापात बसली आणि मोठी ठरली. तिसऱ्यात एका देशात मिळालेले माप दुसऱ्या देशातील श्रमिकांना लावण्यापूर्वी नव्याने घ्यावे लागले. विज्ञानावरचा विश्वास म्हणजे प्रत्येक मथळ्यावरचा विश्वास नव्हे. तसेच मथळा फसवा निघाला म्हणून विज्ञानच फसवे, असे मानणे तर त्याहून घातक आहे. त्या रिकाम्या जागेत बुवा, गंडेदोरे आणि चमत्कारी काढे तत्काळ येऊन बसतात.

आपल्या शाखांत वृत्तपत्रवाचन होते तेव्हा राजकीय बातमीची आपण कसून चिकित्सा करतो आणि विज्ञानाची बातमी ‘आपल्याला काय कळते’ म्हणून सोडून देतो. माझी विनंती एवढीच की तीही त्या तीन प्रश्नांसह वाचा. क्षयरुग्णाच्या घरात धान्य पोचते का, हे आपल्या वस्तीत पाहा. बांधकामावर, भट्टीवर, शेतात दुपारी काय स्थिती असते, ती लिहून काढा. आणि आमच्या अनुवादात मीटरचा आकडा राहून गेला असेल, तर पोस्टकार्ड टाका.

भिलाईच्या त्या साथीला मी उत्तर पाठवले होते : ‘सुमारे ८३ युनिट आत, एकाहून कमी बाहेर. चूक माझी.’ उलट टपाली त्यांचे दुसरे कार्ड आले. त्यात एकच ओळ होती : ‘तरीही प्रयोग चालू ठेवावा असे माझे मत आहे.’

माझेही तेच मत आहे.