चवीची साक्ष
(कुंभवली येथे कार्यकर्त्यांसमोर केलेले भाषण)



दारूबंदीच्या चळवळीत वाढलेल्या माणसाने फ्रेंच द्राक्षमद्यावर बोलावे, याचे आपल्यापैकी अनेकांना नवल वाटेल. दारूने उजाड झालेली घरे मीही पाहिली आहेत. मद्यपानाची भलामण करण्यास मी उभा नाही. मला बोलायचे आहे ते चवीविषयी.

दक्षिण फ्रान्समध्ये समुद्रालगतच्या खाऱ्या सरोवराजवळ पिने नावाचे गाव आहे. सरोवरात कालवांची शेती होते, परिसरात पिकपूल जातीची पांढरी द्राक्षे पिकतात. १९२२ साली तेथील शेतकऱ्यांनी सहकारी मद्यशाळा उभारली. त्यांचे मद्य रंगाने फिके, चवीला कैरीच्या फोडीसारखे तरतरीत आंबट. चाखण्याची रीत साधी आहे. मद्य थंड असावे. हाताची ऊब लागू नये म्हणून पेला देठाशी धरावा. आधी रंग पाहावा, मग लिंबासारखा वास घ्यावा, नंतर घोट क्षणभर जिभेवर खेळवावा. तोंडाला पाणी सुटते आणि शेवटी किंचित खारटपणा मागे राहतो. म्हणूनच ते कालवांबरोबर घेतात.

यात उच्चभ्रूंचे गूढ काही नाही. ताडी सकाळची की दुपारची, हे आपल्याकडचा माणूस वासावरून सांगतो. कोळीण नुसत्या स्पर्शाने बोंबलाचा ताजेपणा ओळखते. फरक आहे तो या ज्ञानाला मिळणाऱ्या मानाचा. फ्रान्सने १९३५ साली गावाचे नाव आणि तेथील मद्य यांचे नाते कायद्याने बांधले. २०१३ साली पिकपूल द पिनेला स्वतंत्र नामाधिकार मिळाला. आपल्याकडेही डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन लाभले.

पण कुंभवलीचे काय? शेजारी तारापूरची औद्योगिक वसाहत आहे. सांडपाण्याने खाडी बिघडली, हे मच्छीमारांना सांगण्यासाठी प्रयोगशाळेची गरज नव्हती. तरीही अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेला २०१६ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागावी लागली आणि निकालासाठी २०२२ उजाडले.

म्हणून माझी विनंती एवढीच: प्रत्येक पाड्यात एक वही ठेवा. पाण्याचा रंग, वाऱ्याचा वास, मासळीची चव, तारीख आणि भरती-ओहोटीची वेळ तीत लिहा. श्रमणाऱ्यांची जीभ खोटे बोलत नाही. तिची साक्ष नोंदवून घेणारा मात्र हवा.