शेगडीतली गुंडाळी

हिवाळ्याचे दिवस होते. यरुशलेमच्या हिवाळी महालात यहूदाचा राजा यहोयाकीम धगधगत्या शेगडीपुढे बसला होता, आणि यिर्मया संदेष्ट्याने सांगितलेली व बारूख नावाच्या त्याच्या लेखनिकाने शाईने लिहून काढलेली गुंडाळी एक दरबारी त्याला वाचून दाखवीत होता. तीन-चार स्तंभ वाचून होताच राजाने लेखनिकाच्या सुरीने तेवढा तुकडा कापावा आणि निखाऱ्यांवर टाकावा, असे होता होता अखेर सारी गुंडाळी भस्मसात झाली. तिघा अमलदारांनी अजीजी केली, ती व्यर्थ गेली. यिर्मयाने मात्र तोच मजकूर बारूखाकडून पुन्हा लिहविला, आणि त्यात आणखी भर घातली.

संदेष्टा म्हणजे भविष्य वर्तविणारा, हा समज अपुरा आहे. मिसरच्या दास्यातून सोडविलेल्या लोकांशी परमेश्वराने केलेल्या कराराची कलमे मोडली गेली की भर चव्हाट्यावर ती वाचून दाखविणे, हे त्याचे खरे काम. होशेयाने या करारभंगाला पत्नीच्या व्यभिचाराची उपमा दिली. यिर्मयाने तीही दिली आणि हौदाचीही. यहूदाच्या कोरड्या डोंगराळ मुलखात खडक खोदून, आतून गिलावा देऊन पावसाचे पाणी साठवीत. गिलाव्याला तडा गेला की सारी मेहनत जमिनीत मुरून जाई. जिवंत झरा सोडून असे गळके हौद खोदणारे लोक, असे तो आपल्या समाजाला म्हणतो.

परंतु बेइमानी म्हणजे केवळ मूर्तिपूजा नव्हे, हे ज्या प्रसंगातून लख्ख दिसते तो मला यिर्मयाच्या ग्रंथाचा गाभा वाटतो. हिब्रू दासाला सातव्या वर्षी मुक्त करावे, असा नियम होता आणि तो कोणीच पाळीत नव्हते. पुढे यरुशलेमला बाबेलच्या फौजेचा वेढा पडताच तेव्हाचा राजा सिद्कीया याने व सरदारांनी वासरू दुभंगून, त्याच्या दोन भागांमधून चालत जाऊन, दासदासींना मुक्त करण्याची शपथ वाहिली व ती पाळलीही. इतक्यात मिसरचे सैन्य निघाल्याची बातमी येऊन वेढा उठला. आणि संकट टळले असे वाटताच त्याच धन्यांनी त्याच माणसांना परत धरून आणून राबविले. यिर्मयाने बजावले, की तुम्ही दासांना मोकळीक दिली नाहीत, तर आता परमेश्वर तुम्हांला तरवार, मरी आणि दुष्काळ यांच्या हवाली मोकळे करीत आहे. ज्याने स्वतः दास्य सोडविले त्या देवाशी केलेली बेइमानी दुबळ्याच्या पायांतील बेडीत दिसते, हे इतक्या स्पष्टपणे सांगणारा माणूस राजसत्तेला नकोसा व्हावा, यात नवल नाही.

वेढा पुन्हा पडला, आणि इसवी सनापूर्वी 586 च्या सुमारास नगर व मंदिर जळाले. त्या शोकाचे उपोषण यहुदी समाज आजही पाळतो. आपल्या कोकणातील बेने इस्राएल यहुदी त्या दिवसाला बिरड्याचा सण म्हणत आले आहेत, कारण त्या उपोषणाच्या निमित्ताने त्यांच्या घरी सामिष अन्नाऐवजी मोड आलेल्या वालांचे बिरडे होई.

विनाश सांगणाऱ्या याच माणसाची आणखी एक हकीकत आहे. नगर पडण्यापूर्वी, यिर्मया पहाऱ्याच्या चौकात कैदेत असताना, त्याचा चुलतभाऊ हनामेल अनाथोथ येथील शेत विकायला आला. अनाथोथ यरुशलेमपासून जेमतेम दीड कोसावर, म्हणजे वेढा घालून बसलेल्या सैन्याच्या पलीकडे. यिर्मयाने सतरा शेकेल रुपे तागडीत तोलून दिले, साक्षीदारांच्या सह्या घेतल्या, खरेदीखताची एक प्रत मोहरबंद केली व एक उघडी ठेवली. आणि पूर्वी ज्याच्या हातची गुंडाळी शेगडीत जळाली होती त्याच बारूखाला, हे दस्तऐवज पुष्कळ दिवस टिकावेत म्हणून, मातीच्या मडक्यात घालून ठेवायला सांगितले.