किरणोत्सारी गळती आणि आपत्कालीन व्यवस्था

जयपूरच्या मालवीय नगरापासून चंबळकाठचे रावतभाटा अणुऊर्जा केंद्र दोनशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. तेथे अपघात झाल्यास जयपूर रिकामे करावे लागेल काय? केंद्राबाहेरची आपत्कालीन योजना साधारणतः १६ किलोमीटर परिसरासाठी आखलेली असते. जयपूर त्याच्या बरेच पलीकडे आहे.

११ मार्च २०१६ रोजी गुजरातमधील काक्रापार केंद्राच्या पहिल्या संचात शीतक वाहिनीतून जड पाण्याची गळती झाली. अणुभट्टी आपोआप बंद पडली आणि 'संयंत्र आणीबाणी' जाहीर झाली. ही आणीबाणी केंद्रापुरतीच मर्यादित असते. धोका आवाराबाहेर पोहोचल्यास मात्र सूत्रे जिल्हाधिकाऱ्यांकडे जातात. हा फरक उत्तरपत्रिकांतून बहुधा निसटतो.

स्थलांतर हाच एकमेव उपाय, अशीही समजूत आढळते. २०११ मध्ये फुकुशिमा येथे घाईघाईने हलविताना रुग्णालयांतील व वृद्धाश्रमांतील अनेक रुग्ण दगावले. किरणोत्साराने नव्हे, प्रवासाच्या हालांनी. म्हणून पक्क्या घरात दारे-खिडक्या लावून थांबणे प्रारंभी अनेकदा अधिक सुरक्षित ठरते.

आयोडीनच्या गोळ्यांबाबतही गैरसमज आहेत. त्या केवळ अवटु ग्रंथीला किरणोत्सारी आयोडीनपासून वाचवितात, तेही वेळेवर घेतल्यास. आयोडीन-१३१ चा अर्धायुकाल ८ दिवस, तर सीझियम-१३७ चा सुमारे ३० वर्षे. त्यामुळे सुरुवातीचे काही आठवडे दूध व पालेभाज्या तपासल्या जातात. जमिनीची तपासणी मात्र वर्षानुवर्षे चालते. दूरच्या शहरांचा संबंध येतो, तो बहुधा या अन्नाच्या वाटेने.