फोन कुणी लावायचा?

३ जुलै २०००, सोमवार. रात्रीचे नऊ वाजत आले होते. बार्शीच्या आमच्या घरात शेजारपाजारची दहा-बारा माणसे दूरदर्शन संचासमोर बसली होती. इशाची नमाज आटोपून अब्बाही आले. अमिताभ बच्चन पडद्यावर येणार, एवढेच आम्हाला ठाऊक. ‘कौन बनेगा करोडपती’ त्या रात्री सुरू झाले आणि पुढे काही महिने आमच्या गल्लीतली जेवणे नऊच्या आत उरकू लागली.

मूळ खेळ इंग्लंडचा. निर्मात्यांनी त्याला आधी ‘पैशाचा डोंगर’ अशा अर्थाचे नाव योजले होते. ४ सप्टेंबर १९९८ रोजी तो तिथे पहिल्यांदा दिसला, तेव्हा नाव बदलून ‘हू वाँट्स टु बी अ मिलियनेअर’ असे झाले होते. खेळात शिरायचे ते फोन करून. त्या फोनला जादा दर असे आणि बक्षिसाचा बराच पैसा त्यातूनच उभा राही. खेळातल्या तीन मदतींपैकी एक मदतही फोनचीच होती. अमेरिकेत नोव्हेंबर १९९९मध्ये जॉन कार्पेंटर नावाच्या, करखात्यात नोकरी करणाऱ्या माणसाने शेवटच्या प्रश्नाला ही मदत घेतली. फोन लावला वडिलांना, पण उत्तर विचारायला नव्हे. ‘मी जिंकणार आहे’, एवढेच सांगायला. आणि तो जिंकलाही.

आपल्याकडे ऑक्टोबर २०००मध्ये मुंबईचे हर्षवर्धन नवाथे पहिले करोडपती झाले. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा एक मराठी तरुण! गल्लीत पेढे वाटले गेले. जणू आमच्याच घरचा मुलगा पास झाला होता.

आता घरातली गोष्ट सांगतो. माझी थोरली बहीण, आपा, गल्लीतच दिलेली. तीही रोज यायची, दाराजवळ बसायची आणि पर्याय पडद्यावर उमटण्याआधी हळूच उत्तर सांगायची. नद्या, किल्ले, राज्यघटना, जुने चित्रपट, काहीही विचारा. मी बी.ए. झालेला, मासिकांतून कविता छापून येणारा. मी अडायचो, आपा अडत नसे.

अम्मी आजारी पडली तेव्हा सातवीनंतर आपाची शाळा सुटली. माझी मात्र चालू राहिली. परीक्षेच्या आदल्या रात्री माझे पाठांतर आपाच घ्यायची. पुस्तक तिच्या हातात, उत्तरे माझ्या तोंडी. मी पदवी घेतली आणि विसरलो. तिला सारे आठवत होते.

एका रात्री कार्यक्रम संपल्यावर ती म्हणाली, ‘मेरा बी लगा दे ना फोन.’ फोन आमच्याच घरी होता. मी हसलो. ‘मुंबईला जावे लागते आपा, साऱ्या देशासमोर बसावे लागते’, असे काहीतरी बोललो. ती पुन्हा म्हणाली नाही. खरे सांगायचे तर त्याच आठवड्यात मी स्वतःसाठी चारदा फोन लावला होता. लाइन लागली नाही, ही गोष्ट निराळी.

खेळ पुढे बदलत गेला. २००५मध्ये बक्षीस दोन कोटींचे झाले. २००७मध्ये शाहरुख खान सूत्रधार झाले. २०१०मध्ये वाहिनी बदलली आणि अमिताभ परतले. २०११मध्ये बिहारच्या मोतिहारीचे सुशील कुमार पाच कोटी जिंकले. पैसा आल्यानंतरचे दिवस किती जड गेले, हे २०२०मध्ये त्यांनीच उघडपणे लिहिले. २०१३मध्ये सचिन खेडेकरांसह तो मराठीत आला, तेव्हा आपा प्रश्नही पुरा ऐकून घेईना.

मग आले २०१९. अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे त्या खुर्चीत बसल्या. शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवणाऱ्या, महिना दीड हजार रुपये मानधन. त्या एक कोटी जिंकल्या. आमच्या घरात टाळ्या वाजल्या. आपाने डोळे पुसले आणि मला विचारले, ‘हिला फोन कुणी लावून दिला असेल रे?’

तिच्या आवाजात राग नव्हता. म्हणूनच मला उत्तर देता आले नाही. प्रत्येक घरात अशी एखादी बाई असते, तिला उत्तरे येतात. तिला प्रश्न विचारायचे मात्र आपल्याला सुचत नाही.

आपा आता साठी ओलांडून गेली आहे. २०२४मध्ये नोंदणी सुरू झाली, तेव्हा मोबाइल घेऊन मी तिच्या घरी गेलो. प्रश्न वाचून दाखवला. तिने चष्मा न लावताच उत्तर सांगितले. मी तिचे नाव भरले, पूर्ण नाव, अब्बांच्या नावासह. पुढे बोलावणे आले नाही. तरी ती अजून अधूनमधून विचारते, ‘काही आले का रे?’ यंदाही नाव भरायचे, असे आमचे ठरले आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)