सातबारा ज्याच्या नावावर



शेगाव, चिखली, मलकापूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतली मुलं समोर दिसताहेत, म्हणून आज त्यांच्याशीच बोलतो. तुमच्या फायनल इयरच्या प्रोजेक्टांत म्हातारा माणूस कुठे भेटतो? गोळ्यांची आठवण करून देणाऱ्या अ‍ॅपमध्ये, नाहीतर पडल्यावर मुलाला मेसेज पाठवणाऱ्या पट्ट्यात. म्हणजे तो एकतर आजारी असतो, नाहीतर पडलेला. व्यवहार करणारा म्हातारा तुम्हाला सुचत नाही.

आपल्या जिल्ह्यात तर व्यवहार त्याच्याच नावावर आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. पूर्वी तलाठी बांधावर येऊन पेरा लिहायचा (कधी न येताही लिहायचा, ते सोडा). आता शेतकऱ्याने स्वतः वावरात उभं राहून फोनवरच्या अ‍ॅपमधून पिकाचा फोटो काढायचा. आणि सातबारा कोणाच्या नावावर? कितीतरी घरांत अजून आजोबांच्या, नाहीतर आजीच्या. म्हणजे तुम्ही ज्याला अपवाद समजता, तोच या अ‍ॅपचं खरं गिऱ्हाईक.

आता तो वावरात उभा आहे. उन्हात स्क्रीनवर काही दिसत नाही, रेंज येते-जाते, चिखलाच्या बोटाला बटण दाद देत नाही. फोटो गेला नाही की नातू म्हणतो, "आबाजी, तुमाले नाही जमत, आना इकडे." दोन मिनिटांत काम उरकतो. प्रेमाने करतो, म्हणून तर त्याला काही म्हणता येत नाही. पण पुढच्या हंगामात आबाजी तिथेच असतात, आणि नातवाचं मत तेवढं पक्कं झालेलं असतं. उन्हात न दिसणारी स्क्रीन विशीतल्या मुलालाही दिसत नाही, हे त्याच्या ध्यानातच येत नाही.

रेशनच्या दुकानात आजीचा अंगठा मशीन घेत नाही. जन्मभर कापूस वेचून, निंदण करून बोटांच्या रेषा झिजल्या. निवृत्तिवेतनवाल्यांच्या हयातीच्या दाखल्याची गोष्ट पाहा. त्यासाठीचं 'जीवन प्रमाण' २०१४ च्या नोव्हेंबरात आलं ते बोटांचे ठसे, डोळ्यांची बुबुळं मागत; २०२१ मध्ये फोनवर चेहरा दाखवून काम होऊ लागलं. म्हातारे काही सात वर्षांत हुशार झाले नाहीत. यंत्रणा सुधारली.

तरीही "त्यांच्या पिढीला कॉम्प्युटर कळत नाही" असं तुम्ही सहज बोलता. परम महासंगणकाचे विजय भटकर शेजारच्या अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे, जन्म १९४६. इंटरनेटचे मूळ नियम बांधणाऱ्यांतले व्हिंट सर्फ १९४३ चे. ही मोठी माणसं, असं म्हणाल. कबूल. मग पारावरचे आजोबा घ्या: यूट्यूबवर कीर्तन शोधतात, खामगावच्या बाजार समितीतला सोयाबीनचा भाव व्हॉट्सअ‍ॅपवर पाहतात, पण फोनवरून पैसे पाठवा म्हटलं की हात आखडता घेतात. याला तुम्ही अडाणीपणा म्हणता. मला तो हिशेब वाटतो. खात्यातली रक्कम एका ओटीपीने गेली तर ती पुन्हा कमावायला त्यांच्याकडे वर्षं उरलेली नाहीत.

माझी एक सूचना आहे, परीक्षक मंडळींनीही ऐकावी. प्रोजेक्टच्या व्हायव्हाला गावातली सत्तरीची एक व्यक्ती बोलवा. फोन तिच्या हातात द्या. प्रोजेक्ट करणाऱ्याने हात मागे बांधून उभं राहायचं, तोंडातून एक शब्द काढायचा नाही. ती जिथे अडेल तिथे मार्क कापा, आणि ते प्रोजेक्टचेच कापा.